दार उघडणारी बाई

मावशीने दंतवैद्याच्या घराची घंटा दाबली आणि केस सारखे केले. मागे भाचा सह्यांचे कागद घेऊन उभा होता.

दार उघडताच ती म्हणाली, "आत या. उशीर झाला, पण आलात ना!"

दंतवैद्य बघतच राहिला. दारात आलेली ही, आणि 'आत या' म्हणतेय त्यालाच!

"अहो, संवाद आहे माझा," मावशी हसत सुटली. "शेवटी नायक तुरुंगातून सुटून घरी येतो, दार ठोठावतो. उघडतं कोण? मी! जन्मात एवढंच काम केलं, पण अख्खं थिएटर रडायचं. आता त्या सिनेमाची पार रया गेलीय. ही मुलं म्हणतात, मूळ सिनेमा होता तस्सा दाखवा. करा बघू सही."

दंतवैद्याने केली. कोण नाही म्हणणार? भाचा मात्र जिन्याकडे बघत होता.

कारण मूळ सिनेमात दार उघडतच नव्हतं. नायक ठोठावत राहतो, अंधार होतो, खेळ खलास. असलं रडगाणं बघायला कोण येणार, म्हणून निर्मात्याने दिग्दर्शकाला न विचारता शेवटी एक दृश्य चिकटवलं आणि कचेरीत टंकलेखन करणारी एक मुलगी दारात उभी केली. ती ही मावशी. भाचा ज्या रसिक मंडळाचा चिटणीस होता, तिथे त्या दृश्याला 'ठिगळ' म्हणत. सगळी मोहीम होती ती हे ठिगळ उसवायची.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मूळ सिनेमा म्हणजे आपण आहोत तो. बिचारीने दुसरा पाहिला होता कुठे? आई गेल्यावर भाच्याला तिनेच वाढवलं, बोटाला धरून हा सिनेमा तिनेच दाखवला. वेड लावलं तेही तिनेच.

मंडळाच्या अध्यक्षाला जाड भिंगांमुळे सगळे दुर्बीण म्हणत. तो दोनदा म्हणाला होता, "सांगून टाक रे तिला."

"सांगतो ना. आधी मुलाखत होऊ दे. त्या सिनेमातलं हयात असलेलं ती एकच माणूस. तिच्याशिवाय आपल्याला कुत्रं विचारत नाही."

मुलाखत झाली. वर्तमानपत्रात मावशीचा फोटो आला, जुन्या सिनेमांच्या संग्रहालयाने मूळ प्रत दुरुस्त करून दाखवायला होकार कळवला. आज सांगू, उद्या सांगू करता करता खेळाचा दिवस उजाडला. मावशी ठेवणीतले कपडे घालून आली, आणि बरोबर अख्खी इमारत.

पडद्यावर चित्र काय नितळ दिसत होतं! मावशीने भाच्याचा हात दाबला.

"भिंतीचे पोपडेसुद्धा दिसतायत बघ. मी कशी दिसेन रे?"

"छान दिसशील," तो म्हणाला.

नायक दाराशी आला. मावशी ताठ बसली, मागच्या रांगेकडे वळून कुजबुजली, "आता बघा हं."

नायकाने दार ठोठावलं. थांबला. पुन्हा ठोठावलं. मग नुसताच हात दारावर ठेवून उभा राहिला आणि पडदा काळा झाला. भाच्याच्या अंगावर काटा आला. इतका सुंदर शेवट! तेवढ्यापुरता तो मावशीला विसरूनच गेला.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"बसा हो, उठताय काय," मावशी शेजाऱ्यांना म्हणत होती. "रीळ अडकलं असेल. अजून माझं यायचंय."

तळमजल्यावरची शिंपीणबाई डोळे पुसत पुढे वाकली. "फारच छान होता हो! पण तुम्ही कुठे होतात? माझंच मेलीचं लक्ष नसेल."

मावशी पुन्हा पडद्याकडे बघू लागली. तेवढ्यात दुर्बीणने मंचावरून तिचं नाव पुकारलं. ज्यांच्या धडपडीमुळे आजचा दिवस दिसला, त्यांनी दोन शब्द बोलावेत! पुन्हा टाळ्या. भाच्याने तिला हाताला धरून वर नेलं आणि माईक तिच्या हातात दिला.

समोर सगळे पुन्हा खाली बसले. मावशी त्यांच्याकडे वळलीच नाही. ती भाच्याकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

प्रश्न सभागृहभर ऐकू गेला. भाचा कसनुसा हसला आणि तिच्या कानाशी वाकला.

"मावशी, माईक चालू आहे."