डाग सापडेना

भिंगबाईंनी दारात उभं राहून खडू उंचावला आणि पिचकारीने तो न पाहिल्यासारखं केलं.

गिरणीच्या मागखात्यात हाक कुणालाच ऐकू जात नसे. खडखडाट असा, की शेजारचा कानात ओरडला तरी फक्त त्याचा श्वास लागावा. म्हणून सगळा कारभार खुणांवर चाले. डोक्यावर मूठ ठेवली की माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवा. पोटावर हात फिरवला की जेवणाची सुट्टी. आणि तपासणीखात्याच्या दारात खडू वर झाला, की कापडावर तेलाचा डाग सापडला, तेलवाल्याने हजर व्हावं.

खडू दुसऱ्यांदा वर झाला. मग विणकर ताईने कोपराने ढोसलं, तेव्हा पिचकारी लांब चोचीचं तेलाचं डबडं कमरेला लटकवून निघाला. त्या डबड्यावरूनच त्याला ते नाव पडलं होतं. सगळी गिरणी त्याला अरे-तुरे करायची आणि बाईंना अहो-जाहो. यात तो स्वतःही आला, पण फक्त गिरणीत, आणि तेही भान असेपर्यंत.

तपासणीच्या टेबलावर काच होती, काचेखाली दिवा, आणि काचेवरून पांढरं कापड सरकत होतं. बाईंनी एका ठिकाणी खडूने गोल काढला होता. गोलात वाटाण्याएवढा काळा ठिपका.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"डाग."

"कशाचा?"

"तेलाचा."

"तेल कुणाचं?"

"कंपनीचं."

"आणि सांडलं कुणी?"

"मागाने," पिचकारी म्हणाला. "मी पाजतो, तो थुंकतो. लहान मूल दूध उलटतं, तेव्हा आईला कुणी खडू दाखवतं का?"

"सकाळी याच माणसाला मी डबा भरून दिला," भिंगबाई शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाल्या. "वर लोणचंही घातलं."

नवरा तेल घालणार आणि बायको डाग शोधणार, असा हा संसार वर्षानुवर्षं एकाच छपराखाली चालला होता. त्यांचं लग्नही डागामुळेच जमलं. तरुणपणी पिचकारीला दिवसातून इतक्या वेळा तपासणीत यावं लागे, की लोकांना संशय आला तो मुद्दाम सांडतो. खरं तर तो सांडत नव्हता. एकदाच सांडलं होतं, आणि त्याबद्दल त्याला अजून पस्तावा नव्हता.

दोष मागाचाच होता. ते माग स्वयंचलित होते. धागा तुटला की आपोआप थांबत, धाग्याची कांडी संपली की आपोआप नवी घेत. सगळं आपोआप करणारा तो माग तेल मात्र आपोआप पीत नसे आणि पाजलेलं पोटात ठेवत नसे. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारं एक जड चाक खालच्या बाजूला फिरे. त्याच्या वर, हातभर अंतरावर, उभ्या ताण्याचं पांढरंशुभ्र सूत चादरीसारखं पसरलेलं. चाकाला तेल कमी पडलं तर ते किंचाळे, आणि पुरेसं मिळालं तर प्रत्येक टोल्याबरोबर दोन थेंब वर सुतावर उडवे. तेल घालणाऱ्याने करायचं तरी काय?

त्या दुपारी दोघांनाही साहेबांनी बोलावलं. साहेब नवे होते आणि माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कुणावर ओरडायचं असलं की आधी स्वतःच घाम फुटे. त्यांच्या टेबलावर कापडाचा एक तागा उलगडून पडला होता. एका इस्पितळाने पलंगावरच्या चादरींसाठी घेतला होता आणि परत पाठवला होता.

"हे बघा," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "एक डाग, हा दुसरा, हे तर सगळं नक्षत्रच आहे. आणि शिक्का कुणाचा? बाई, तुमचा."

भिंगबाईंनी शिक्का ओळखला. डाग बघायला त्या वाकल्या, जरा जास्तच वाकल्या.

"लोक म्हणतात, नवऱ्याचे डाग बायको पोटात घालते," साहेब म्हणाले.

पिचकारी एवढ्या जोरात हसला की साहेबांनी पाण्याचा पेला मागे घेतला. "साहेब, ही पोटात घालते? माझ्या सदऱ्याची बाही ताटाला लागली तर ही मला जेवताना उठवते. घरात सोडत नाही, ती इथं सोडणार होय?"

"मग हे सुटलं कसं?"

पिचकारीने बायकोकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"पुन्हा एक तागा परत आला, तर एकाला आपली जागा सोडावी लागेल," साहेब म्हणाले आणि त्यांनाच वाईट वाटून त्यांनी पंखा वाढवला.

संध्याकाळी बाई पिचकारीच्या पुढे घरी निघाल्या. जिन्यात कुणीतरी वाळत टांगलेल्या छत्रीला त्या "सरका जरा" म्हणाल्या. छत्री सरकेना, तेव्हा "काय माणसं असतात" असं पुटपुटत अंग चोरून वर गेल्या. पिचकारीला हसू आलं. मग चहा आला. त्यात मीठ होतं. मग सदऱ्याचं बटण लावायला घेऊन त्या सुई-दोऱ्याशी बराच वेळ झगडल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच ओवा. मला कंटाळा आलाय."

पिचकारीने दोरा ओवून दिला. तो खारट चहा त्याने सगळा संपवला आणि कपाच्या तळाकडे बघत बसला. छत्री, चहा, सुई, आणि तो परत आलेला तागा. बायको मुद्दाम डाग सोडत नव्हती. तिला बारीक डाग दिसतच नव्हते.

"डॉक्टरला डोळे दाखवतेस का एकदा?" त्याने हळूच विचारलं.

"कशाला? माझे डोळे ठणठणीत आहेत. तुमच्या डोक्यातल्या कोंड्याचा कण न् कण मला इथून दिसतो."

कोंडा नव्हता. पण त्याने नुसता केसांवरून हात फिरवला. ती डोळे दाखवायला का तयार नाही, हे त्याला ठाऊक होतं. बाईंच्या आधी त्या टेबलावर एक काकू बसायच्या. त्यांना चष्मा लागला आणि आठवड्याच्या आत त्यांची रवानगी चिंध्या निवडायच्या खोलीत झाली. बाईंना ते टेबल म्हणजे गादी होती. गिरणीत त्यांना भिंग म्हणत ते कौतुकाने, आणि ते नाव जपायला त्या काहीही करतील.

डाग तिला दिसत नसतील, तर डाग पडताच कामा नये. पिचकारीने कामाबद्दल एवढा सरळ विचार आयुष्यात कधी केला नव्हता.

आधी त्याने तेल कमी केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धे माग ओरडायला लागले आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने जॉबर. हा जॉबर म्हणजे अवाढव्य माणूस. मागाचं दुखलं की याच्या पोटात कळ येई. "माझ्या लेकरांना उपाशी मारतोस?" तो खुणांनी म्हणाला. त्या खुणा इथे लिहिण्यासारख्या नव्हत्या.

मग पिचकारीने आडोशाचा विचार केला. चाक आणि सूत यांच्यामध्ये काहीतरी हवं. त्याने घरून टेबलावरचं प्लास्टिक आणलं. ते चाकाच्या उष्णतेने असं आक्रसलं की त्याचा पापड झाला. टेबल उघडं पडल्याबद्दल बाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "धुवायला टाकलंय." प्लास्टिक धुवायला कुठे टाकतात, हे विचारायचं त्यांनी राखून ठेवलं.

नंतर आला त्याचा स्वतःचा रेनकोट. जाड, रबरी, तेल लागलं तर नुसतं पुसावं. खिडकीजवळच्या मागाखाली तो त्याने तारेने ताणून बांधला. बाह्या कापायचं जिवावर आलं. वीस वर्षं अंगावर होता. शिवाय काम जमलं नाही तर पुन्हा घालता आला असता. टोपीही तशीच राहू दिली.

माग सुरू झाला. टोल्याटोल्याला रेनकोट थरथरू लागला. एक तार सुटली. मग मागाच्या पोटाखालून एक हात बाहेर आला आणि विणकर ताईला बोलावू लागला. मागोमाग दुसरा आला. शेवटी टोपीही डोकावली.

ताईची किंकाळी त्या खडखडाटातही ऐकू आली, असं लोक अजून शपथेवर सांगतात. जॉबर धावत आला, हलणारे हात त्याने पाहिले, आणि मागखात्याची सगळी वीजच तोडली. एकदम शांतता झाली. त्या शांततेत जॉबर गुडघ्यांवर बसून रेनकोटाची बाही धरून ओरडत होता, "दादा, धीर धर! ओढतो तुला!"

त्याने ओढलं. बाही त्याच्या हातात आली. जॉबर तिथेच मागे कलंडला.

पुढचे कितीतरी दिवस पिचकारी जिथून जाई तिथे कुणीतरी रिकामी बाही हलवून दाखवी. भिंगबाई घरी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण हे सुचलं कशाला तुम्हाला?"

"सहज."

"सहज माणूस गाणं म्हणतो. रेनकोट बांधत नाही."

पिचकारीने ठरवलं, आता काम फत्ते होईपर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. तिला तर नाहीच. तिला सांगितलं तर 'कशाला' विचारेल, आणि 'कशाला'चं उत्तर दिलं तर तिचं गुपित आपल्याला कळलंय हे तिला कळेल.

पण जॉबरला सांगावं लागलं, कारण कलंडल्यापासून तो बोलत नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर त्या अवाढव्य माणसाने नाक शिंकरलं. "मूर्खा, पत्रा घे. तेलाचं जुनं पिंप काप. चाकाच्या गोलाईने वाकव, कड आत दुमड, म्हणजे तेल निथळून खाली वाटीत पडेल. आणि बाह्या ठेवू नकोस."

सुट्टीच्या दिवशी बाई बहिणीकडे गेल्या होत्या. पिचकारी आणि जॉबर गिरणीत पत्रे कापत, ठोकत, एकमेकांना शिव्या देत बसले. पहिला आडोसा चाकाला घासला. दुसरा बरा बसला. संध्याकाळी माग चालवून पाहिला, तर तेल पत्र्यावर आपटून निमूट खाली उतरलं. वर सूत पांढरंच्या पांढरं. जॉबरने मागावर थोपटलं. "गुणाचं गं माझं."

आठवड्याभरात सगळ्या मागांच्या पोटाखाली पत्रे बसले. ज्यांना कळलं त्यांना जॉबरने तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि जॉबरचं तोंड बघून ते बंद राहिलं.

पुढच्या आठवड्यात तपासणीच्या टेबलावर कापड सरकत राहिलं. भिंगबाई वाकल्या. डाग दिसला नाही. आणखी वाकल्या, नाक काचेला टेकलं. नाही. दुसरा तागा, तिसरा. कुठेच काही नाही. दिवा पुसला, काच पुसली, डोळ्यांवर पाणी मारलं. आधी निदान मोठे डाग तरी दिसायचे, बारीक तेवढे सुटायचे. आता मोठेही दिसेनात. शेजारच्या मुलीला विचारावं, तर ती विचारेल, तुम्हाला दिसत नाही का. बाई शिक्के मारत राहिल्या. दारात खडू उंचावायची वेळच आली नाही. पिचकारी लांबून ते बघे आणि मनात खूश होई. बायकोचा चेहरा उतरत चाललाय, हे मात्र त्याला दिसलं नाही. डोळे त्याचे चांगले होते.

एका सकाळी त्या टेबलावरून उठल्या, पदर नीट केला आणि सरळ साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. पिचकारीने त्यांना मागांच्या रांगेतून जाताना पाहिलं आणि तो डबडं हातात घेऊनच मागे धावला. पोहोचेपर्यंत बाई बोलून चुकल्या होत्या.

"साहेब, मला डाग दिसेनासे झालेत. या आठवड्यात मी एकही पकडला नाही. ते सगळे तागे परत तपासून घ्या. तो इस्पितळाचा तागाही माझ्यामुळेच गेला. यांची चूक नाही."

"अगं, डाग नाहीतच!" पिचकारी दारातून ओरडला.

"तुम्ही गप्प बसा. मला वाचवायला खोटं बोलू नका."

"खोटं नाही! पत्रे बसवलेत आम्ही! खाली!"

"आधी रेनकोट, आता पत्रे," बाई साहेबांना म्हणाल्या. "यांचं मनावर घेऊ नका."

शेवटी साहेबच उठले. शेजारच्या मुलीने आठवड्याचे तागे पुन्हा काचेवरून नेले, साहेब जवळ उभे राहून बघत होते. कापड चांदण्यासारखं स्वच्छ होतं. मग साहेब खिडकीजवळच्या मागाखाली स्वतः आडवे झाले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर तेलाचा थेंब होता. त्यांनी जॉबरशी हात मिळवला, पिचकारीची पाठ थोपटली. मग बाईंकडे वळले आणि त्यांना घाम फुटला.

"बाई, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

"हो," बाई म्हणाल्या.

"आता कळल्यावर टेबलावर कसं ठेवू?"

"नका ठेवू," त्या म्हणाल्या. हातातला शिक्का त्यांनी शेजारच्या मुलीपुढे सरकवला. "शाई कमी लाव. पसरते."

सुट्टी झाल्यावर दोघे घरी निघाले.

"तुम्हाला माहीत होतं?" वाटेत बाईंनी विचारलं.

"चहा खारट होता."

"आणि प्यायलात?"

"दुसरा मागितला असता, तर त्यातही मीठच घातलं असतंस."

त्या हसल्या. मग रस्त्यातच थांबून थोडं रडल्या. पिचकारी त्यांच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये उभा राहिला.

चिंध्यांच्या खोलीत साहेबांनी त्यांना पाठवलं नाही. पत्र्यांखालच्या वाट्या रोज ओतायला, पत्रे पुसायला कुणीतरी हवं होतं. जॉबरने बाईंचं नाव सुचवलं, आणि पिचकारीला वाटलं, आता दिवसभर सुटका नाही.

डॉक्टरांनी चष्मा दिला. पहिल्यांदा तो लावून बाई मागखात्यात आल्या. त्यांनी एकेका मागापुढे थांबून पाहिलं. वर पांढरं सूत वाहत होतं, खाली पत्रा आपलं काम करत होता. मग समोर नवरा दिसला. पत्र्यावरून परतलेलं तेल आता वाकून काम करणाऱ्या त्याच्यावरच उडत होतं. गालावर, कानावर, सदऱ्यावर.

बाईंनी हातातल्या फडक्याने त्याचा गाल पुसला. तो इकडेतिकडे बघत मागे सरकला. त्यांनी कान धरून त्याला जागेवर आणलं आणि दुसरा गाल पुसला. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. अगदी जवळून, चष्म्यातून, त्या त्याच्या भुवयांकडे बघत राहिल्या.

"कधी पिकल्या हो या?" त्यांनी विचारलं.

खडखडाटात त्याला काही ऐकू आलं नाही. बायकोने काहीतरी विचारलंय एवढं त्याला कळलं, आणि त्याने हो म्हणून मान हलवली.