आईकडचं रक्त

रबरी पट्टा दंडाला लागायच्या आत सरजाबाईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"पोराचं रगत तीनदा नेलं की. आता माझं कशाला?"

डॉक्टर शिवकन्या पट्टा हातात घेऊन तशीच उकिडवी बसून राहिली. चाकूरच्या दवाखान्यातून ती दर आठवड्याला या वस्तीवर यायची, ते सरजाबाईच्या भीमासाठी. आठ वर्षांचं पोर. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठायचं. उन्हाळा लागल्यापासून तेही जड जात होतं. या रोगाला औषध नाही, पण तालुक्यात अशी सात पोरं आहेत, त्यांच्या अभ्यासाला मुंबईची एक संस्था पैसा देईल, असं डॉक्टर सांगायची.

सरजाबाईला त्यातलं काही पटत नव्हतं. औषधच नाही, तर पैसा कशाला देतंय कोण? लातूर जिल्हा नवा झाल्यापासून कागद घेऊन येणारे लई वाढले होते. पाण्याचा टँकर मात्र आठ दिसाला एकच. एकदा खडी फोडायच्या कामावर खाडा करून ती न सांगता दवाखान्यात जाऊन आली होती. भीमाचा फोटो फाईलीवर डकवलेला दिसला, तेव्हापासून पोराला दाखवून कुणी पैसा काढतंय, हा तिचा संशय दुणावला होता.

आज जीपमधून त्या संस्थेचे साहेब आले होते. सासू कोंडाबाई दारातच बसली होती, भीमाची बहीण सिंधु तिच्या मागं.

"आईची तपासणी का नाही?" साहेबांनी फाईल चाळत विचारलं. "तिच्याशिवाय निधी मंजूर होत नाही."

सरजाबाईनं पदर घट्ट धरला. आता ही बाई आपल्यावर ढकलणार.

"माझ्याकडून राहिली, सर," शिवकन्या म्हणाली.

"बाई, कागदावर पेशंट वाढवणारे खूप बघितलेत मी." साहेब भीमाकडे वळले. "उठ बरं, बाळ."

भीमानं गुडघ्यावर हात टेकले. अर्ध्यावर उठला आणि कलंडला. पुन्हा हात टेकले. साहेबांनी चष्मा काढला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. मग फाईलीत बघत, "आईच्या माहेरी कुणाला असं होतं?"

"नाही. विचारलंय मी," शिवकन्या म्हणाली.

"व्हतं."

सगळ्यांनी सरजाबाईकडे पाहिलं. तिनं भीमाला मांडीवर ओढून घेतलं होतं आणि नजर त्याच्या पायांवर होती.

"माझा भाऊ. केरबा. असाच उठायचा. चवदाव्या वर्षी गेला."

"साप चावला म्हनलं व्हतं तुज्या मायनं," कोंडाबाई म्हणाली.

 सरजाबाईनं पदर सारून हात पुढं केला. शिवकन्यानं पट्टा बांधला, सुई घातली. छोटी बाटली भरून घेतली.

"हा दोष आईकडून येतो, मुलीतही लपलेला असू शकतो, मग तिच्या मुलांत उतरतो," साहेब अवघडून म्हणाले. "मुलीचंही बघावं लागेल. नाव काय हिचं?"

कोंडाबाईनं सिंधुला पाठीशी घेतलं.

"तिचं न्हाई लिहायचं. उद्या तिचं लगीन व्हायचं हाय. कुनाला काई सांगायचं न्हाई."

शिवकन्याचं पेन थांबलं.

"माझी माय बी हेच म्हनली व्हती," सरजाबाई म्हणाली. "लिवा, बाई. सिंधु."