मिस आयसिल्डाचे बावीस झगे

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि खरं सांगायचं तर थोडी लबाडही आहे. लांबी हातभर, पोटात तीन स्प्रिंगा, बस्स! पण एका टोकानं माझ्यात आवाज सोडा. तो स्प्रिंगांवरून थरथरत, घसरत दुसऱ्या टोकाला असा निघतो, की वाटावं कुणी विहिरीत तोंड घालून गातंय. आणि मला बाहेरून लाथ घातली, तर? धडाड्! ढग फुटल्यासारखी गडगडते मी.

माझी पहिली सात वर्षं उत्तर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात, ऑर्गनच्या पोटात गेली. पाहुणे जेवायचे, ऑर्गन कुरवाळल्यासारखा वाजायचा आणि मी त्याला गोडवा लावायची. नुसता कंटाळा! एकदाचा तो ऑर्गन मोडला आणि किंग्स्टनच्या लॅसेल्स पिनकनं मला उचलून आणलं. वॉल्थम पार्क रोडच्या मागं एका सामाईक अंगणात त्याची पत्र्याची खोली होती, तोच त्याचा स्टुडिओ. तिथं रेगे वाजायचं. त्यातली गिटार कधी सरळ ठोक्यावर पडायचीच नाही, ठोका पुढं गेला की मागून टपली मारायची, चक्! पहिल्या ठोक्याला ढोल गप्प, आणि खालून बेस आपला पोट भरलेल्या बैलासारखा डुलत चाललेला. मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

लॅसेल्सला माझा गडगडाट फार आवडायचा. गाण्याच्या मध्येच तो मला लाथ घालायचा. बाहेर भिंतीवर कर्णा टांगलेला, त्यातून आवाज अख्ख्या अंगणात. आणि अंगणात कोण? मिस आयसिल्डा. ती लोकांचे कपडे धुवायची. तिच्या दोऱ्या आमच्या दारापासून कुंपणापर्यंत. मी गडगडले की ती साबणाच्या हातांनी धावत सुटायची, चिमटे तोंडात, चादरी खांद्यावर. वर बघावं तर ऊन रखरखतंय.

"लॅसेल्स! मेल्या, परत ढग फोडलास?"

"पाऊस नाही, मिस आयसिल्डा. पेटी आहे."

"पेटीत घालूनच पुरीन तुला!"

मला काय मजा यायची म्हणून सांगू! आठवड्यातून चारदा तरी मी तिला पळवलं.

मग तो ऑक्टोबरचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पीकपाण्याचा सण. भोपळे, ऊस, रताळी मांडतात आणि गायकमंडळी पांढरे झगे घालून उभी राहतात. ते बावीस झगे पाद्रीणबाईंनी पहिल्यांदाच मिस आयसिल्डाकडे धुवायला दिले होते. नीट झाले तर चर्चचं काम कायमचं तिचं. दुपारी दोनला आभाळ गडगडलं. ती आत कांजी ढवळत होती. तिथूनच ओरडली, "हो हो, वाजव! आज नाही फसत मी!"

मित्रांनो, त्या वेळी मी अगदी गप्प होते. शप्पथ! पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

ती बाहेर आली तेव्हा बावीसच्या बावीस झगे ओलेचिंब. इस्त्रीचा कोळसाही भिजला. पाऊस तर थांबायचं नाव घेईना. ती भिजलेल्या झग्यांचं ओझं घेऊन थेट आमच्या खोलीत शिरली. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यामुळंच लॅसेल्सची पाचावर धारण बसली.

"जागेचा मालक माझा दीर आहे, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "सकाळपर्यंत हे वाळले नाहीत, तर माझं काम गेलं. आणि माझं गेलं, की सोमवारी तुझं खोपटं गेलं."

आजवरच्या गमतीचं हे असं फळ! अंगणातून स्टुडिओ उठला, तर लॅसेल्स जाईल कुठं? आणि मी?

लॅसेल्सनं इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात त्याचा मोठा अॅम्प्लिफायर होता, आत काचेचे दिवे निखाऱ्यासारखे लाल. शेजारी कपाटाएवढा स्पीकर. त्यानं खोलीभर वायरी ताणल्या, स्पीकरसमोर झगे टांगले आणि टेप सुरू केली. टेपवर आमच्या गायकाचं, व्हर्नलचं नवं गाणं होतं. व्हर्नल स्वतः दारात उभा, आपलंच गाणं ऐकून मान डोलावतोय. दिव्यांची ऊब होती, पण झगे जागचे हलेनात.

मिस आयसिल्डा स्पीकरपुढं हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ह्या पोराचं गाणं बंद कर."

"काय?" व्हर्नल उसळला. "गाणं माझं आहे!"

"तुझ्या गाण्यानं बाहीसुद्धा हलत नाही, बाळा. हलली तर त्या जाड्याच्या तारेनं हलेल. तो आवाज वर घे."

जाडा म्हणजे बेस वाजवणारा होपटन. तो कोपऱ्यातल्या शेगडीवर नारळाच्या दुधात बांगडा रटरटवत होता. "जाडा म्हणालात ते सोडा," तो म्हणाला, "पण बाई अगदी खरं बोलल्या."

लॅसेल्सनं व्हर्नलचा आवाज काढला. बेस चढवला. भुंम्! स्पीकरच्या भोकातून वारा सुटला आणि पहिला झगा उडाला.

"गिटारही काढ. आणि झग्यांत हातभर अंतर ठेव. दाटीत काही वाळत नसतं, वारा जायला वाट लागते."

लॅसेल्स झग्यांकडं बघतच राहिला, मग टेबलावरच्या, एकेक आवाज कमीजास्त करायच्या खुंट्यांकडं. त्यानं गिटार काढली. पुढच्या फेरीत दोनच टपल्यांपुरती आत घेतली, परत काढली. ढोल एकटा सोडला. मधेच व्हर्नलचा एकच शब्द निसटू दिला, "घरी", आणि तो माझ्यात ढकलला. मी तो असा लांबवला, असा लांबवला, की तो झग्यांमधून फिरत पत्र्यांवर आपटून पार कुंपणापलीकडं गेला. घरी... री... री...

अंगणातली माणसं वळचणीखाली गोळा झाली. गाणं संपताच कुणीतरी पळीनं पत्र्याचं कुंपण बडवलं. "परत! पहिल्यापासून!"

परत म्हणजे वीसदा. दर वेळी लॅसेल्स नवीन काहीतरी काढायचा, वेगळंच घालायचा. पाचव्या फेरीला गाळलेल्या जागी लोक स्वतःच गाऊ लागले, व्हर्नलचेच शब्द, मोठ्यानं आणि बेसूर. रुसून बसलेला व्हर्नल हळूच उठला आणि त्यांना सूर द्यायला लागला.

दिवेलागणीला झगे खडखडीत वाळले. त्यांना बांगड्याच्या कालवणाचा वास लागला होता, एवढंच! सकाळी पाद्रीणबाईंनी बाही हुंगून विचारलं, "हा कसला वास?"

"नारळाचं पीकही आलंय ना या वर्षी, बाईसाहेब," मिस आयसिल्डा म्हणाली.

म्हणे त्या दिवशी सगळ्या गायकांना भूक लागली आणि प्रार्थना लवकर आटोपली. चर्चचं काम तिच्याकडंच राहिलं. सोमवारी दीर खोपट्याचं विचारायला आला, त्याला तिनं दारातच चहा पाजून परत पाठवलं. आणि ते गाळगाळून उरलेलं गाणं तबकडीच्या मागच्या बाजूवर निघालं. अशा गाण्याला डब म्हणतात. डब पहिल्यांदा कुठं जन्मला यावरून मोठी माणसं भांडतात. भांडू देत. मी आपलं आमच्या अंगणातलं सांगितलं.

पुढं दहा वर्षं मी धुमाकूळ घातला. मग एक प्लास्टिकचं यंत्र आलं. बटण दाबलं की घुमतं, लाथ नको, काही नको. मला खुराड्यात टाकलं. नऊ वर्षं एक तांबडी कोंबडी माझ्यावर अंडी घालत बसली. पाठीवर गंज, पोटात पिसं. वाटलं, संपलं आपलं.

एके दिवशी अंडी न्यायला मिस आयसिल्डा आली, कंबरेत वाकलेली. तिनं कोंबडी हाकलली आणि मला पदरानं पुसलं... म्हणजे एप्रननं.

"लॅसेल्स! हिला कोंबडीखाली घातलंस?"

"जुनी झाली ती. आणि तुम्हालाच छळायची ना?"

"छळायची तर! लबाडच आहे. पण आपल्या अंगणातली लबाड आहे. मीपण जुनी झाले, मला कुठल्या कोंबडीखाली घालतोस?"

लॅसेल्सला हसू फुटलं. त्यानं त्याच दुपारी माझी तुटलेली तार जोडली. दोन स्प्रिंगा शाबूत निघाल्या, तिसरी गेली. आता त्याची नात गाणी करते. ती त्या प्लास्टिकच्या यंत्राशेजारीच मला ठेवते, आणि मला हात लावण्याआधी खिडकीतून मिस आयसिल्डाला ओरडून सांगते, "आजी, पाऊस नाही, माझी पेटी आहे हं!"

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी अडगळीत पडलं असेल. टाकून देण्याआधी एकदा पुसा, तार जोडा, कान लावा. जमल्यास कोंबडीलाही दुसरीकडं बसवा. तिचा काही दोष नाही, तिला ऊब हवी असते.