डावी बाजू

तिने डीजे कंट्रोलरवर उजव्या गाण्याच्या आवाजाची पट्टी वर सरकवली आणि थांबली. दुकानातल्या स्पीकरमधून दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडली.

"मॅडम, डावीकडचं खाली घ्या," दुकानदार म्हणाला.

तिने दचकून डावी पट्टी ओढली.

"परत बघा. घाई नाही."

परत तेच झालं. नवं गाणं चढवून ती वाट बघत राहिली. लग्नाआधीपासून ती आणि तिचा नवरा एकाच कंट्रोलरवर कार्यक्रम करायचे. डावीकडे तो, उजवीकडे ती. तिचं गाणं वर आलं की त्याचं उतरायचं; एकमेकांकडे बघावंही लागायचं नाही. रविवारी, तो गेल्यानंतर पहिल्यांदाच, ती एकटी उभी राहणार होती. नाही जमलं तर हे काम सोडून द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

मागे स्टुलावर मोठी नणंद बसली होती. झोपलेल्या बाळाचा एक कान तिने आपल्या खांद्यात दाबला होता, दुसऱ्यावर तळहात.

"अगं, घरातला मोठा कंट्रोलरच ने की. पडलाय नुसता."

"ताई, तो दोघांनी उचलायचा असतो. त्यात कडेवर हा."

"मी आहे ना उचलायला."

"आणि तुमची कंबर?"

"आहे कंबर. दिसत नाही एवढंच."

दुकानदार हसला. मग त्याने कपाटातून जेमतेम पाटाएवढा कंट्रोलर काढून तिच्या लॅपटॉपला जोडला.

"हा बघा. पाठीवरच्या पिशवीत मावतो, वेगळी वीजही लागत नाही. एकट्या माणसाला तर..." त्याने जीभ चावली. तो नवरा-बायको दोघांनाही ओळखत होता.

ती कंट्रोलरसमोर उभी राहिली. जरा उजवीकडेच.

"मधे ये ना," नणंद म्हणाली.

ती मधे आली. इथे दोन्ही पट्ट्या इतक्या जवळ होत्या की एकच हात पुरत होता. तिच्या बोटाने उजवी वर गेली, अंगठ्याने डावी खाली आली. आधीचं गाणं कधी उतरलं ते कळलंसुद्धा नाही.

"जमलं की गं!" नणंदेचा आवाज चिरकला.

ती बराच वेळ अंगठ्याकडे बघत होती.

"हाच द्या."

दुकानदार वायर काढायला वाकला.

"एक मिनिट."

तिने डावी पट्टी पुन्हा वर नेली. मग दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि उजवीकडे सरकून उभी राहिली. दोन गाणी पुन्हा भिडली. बाळ चुळबुळलं. आवाज कमी करायला दुकानदाराने हात पुढे केला, तशी नणंदेने मानेनेच त्याला अडवलं. ती मात्र कंट्रोलरच्या डावीकडच्या मोकळ्या जागेकडे एकटक बघत होती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "त्याला सगळीकडे उशीरच होतो."