दयेपोटी घेतलेली कासवी

मित्रांनो, कासवी नुसत्या नजरेने आपली पिल्लं वाढवते, असं तुमच्यात म्हणतात. तसं काही नसतं हो! मी स्वतः एक म्हातारी कासवी आहे, तेव्हा माझं ऐका. आमची आई मातीत अंडी पुरते आणि आपल्या वाटेने निघून जाते. पुढे आम्हाला सांभाळते ती टेकडी.

माझी टेकडी खडकाळ, काटेरी झुडपांची होती. एके दिवशी यंत्रं आली आणि झुडपं मुळासकट उपटू लागली. घाबरून आम्ही रस्त्यावर आलो. संकट आलं की पाय आत घ्यायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. रस्त्यावर आम्हाला पकडायला टपलेल्या माणसाला तेच हवं होतं. दगड वेचावेत तसं त्याने आम्हाला पोत्यात भरलं.

दुकानातल्या टोपलीत मी शेवटची उरले. डोळे चिकटले होते. माशांचं खाद्य घ्यायला आलेल्या एका निवृत्त नर्सबाईंना माझी दया आली.

"हिला इथे टाकून गेले तर घशाखाली घास उतरायचा नाही माझ्या," त्या म्हणाल्या.

"पुण्य लागेल बाई तुम्हाला!" दुकानदार म्हणाला.

घरी नेऊन बाईंनी मला कौतुकाने पाण्याच्या टबात सोडलं. मी जमिनीवरची, मला कुठलं पोहता येतंय! नाक वर धरून धरून मान मोडायची वेळ आली. दुपारी त्यांची भाची आली आणि ओरडलीच, "अगं मावशी, बुडेल ना ती!" बाई फार रडल्या. मग मात्र त्यांनी मला जिवापाड जपलं. ऊन, कोवळा पाला, कशाची उणीव ठेवली नाही.

महिन्याभराने त्या पुन्हा त्या दुकानात गेल्या. परत आल्या त्या खुर्चीत मटकन बसल्या.

"तीच टोपली गं," त्या भाचीला म्हणाल्या. "आता सहा आहेत. म्हणतो कसा, तुमच्यासारखी माणसं घेतात म्हणून मागवतो. किती देऊ?"

"घेतलीस?"

"घ्यावीशी वाटली. म्हणून तर पळत आले."

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून त्या वनखात्याच्या ऑफिसात गेल्या. आम्हाला विकणं-पाळणं गुन्हा आहे; त्यांनी दुकानाचं सांगितलं, मला विकत घेतल्याची स्वतःची चूकही लपवली नाही. खात्याच्या माणसांनी दुकानावर छापा घातला आणि ती सहा जणं सुटली.

"पण यांना सोडायचं कुठे?" साहेब म्हणाले. "ही जिथून पकडली, ती टेकडी तर आता सपाट झाली."

तेव्हापासून आम्ही वनखात्याच्या तारेच्या कुंपणात आहोत. बाई अधूनमधून येतात, बाहेर उभ्या राहतात.

मित्रांनो, बाईंनी मला घेतलं नसतं तर मी मेले असते, हे खरं. मला घेतलं म्हणून आणखी सहा जणांना पोत्यात भरलं, हेही खरं. दुकानात आमच्यातलं कुणी दिसलं तर विकत घेऊ नका, तक्रार करा. आणि टेकडीला टेकडी राहू द्या. चांगल्या माणसांनी आम्हाला घर द्यावं, अशी वेळ आणू नका. आम्हाला घर होतं.