बोळक्यातला सूर

डॉक्टरीणबाई सकाळी दवाखान्याचं शटर वर करायला आली, तर दारात ही भली मोठी रांग! आणि नवल म्हणजे एकाचाही गाल सुजलेला नाही.

"कुणाचा दात दुखतोय?" तिने विचारलं.

"कुणाचाच नाही," पहिल्या नंबरचा शिंपी म्हणाला. "पण समोरचे चार तेवढे उपटून टाका."

"माझे सगळेच," मागून पोस्टमन ओरडला.

तिसऱ्या नंबरवर डॉक्टरणीची सख्खी मावशी उभी होती. आईमागे हिनेच तिला वाढवलं. वय अडुसष्ट, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. अक्रोड फोडायला अजून अडकित्ता लागत नाही.

"मावशी, तूसुद्धा?"

"नंबर लावलाय मी. तू भाची म्हणून मध्ये घुसले नाही," मावशी ताठ मानेने म्हणाली.

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी गानसम्राट गेले. गावच्या गाव हळहळलं. न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून दुकान बंद केलं. बसचालकाने दोन दिवस हॉर्न वाजवला नाही आणि तीन सायकलवाल्यांना धडक दिली. मावशीने चहातली साखर सोडली. म्हातारपणी गानसम्राटांच्या तोंडात दात उरला नव्हता. कवळी त्यांनी कधी लावली नाही, बोळक्यानेच गायले, आणि लोकांना ते बोळकंही गोड वाटायचं.

चौथ्या दिवशी बोळकेबाबा अवतरले. तोंडात दात नाही, डोक्यावर भर उन्हाळ्यात उंच लोकरी टोपी. उजवा हात वर केला, आ वासला, की थेट गानसम्राटांचा आवाज!

"दात म्हणजे कुंपण!" बाबा सांगत. "आत्मा घर शोधतोय. मोकळं, हवेशीर, बिनखांबी! ज्याचं तोंड रिकामं, त्याच्याकडे सूर मुक्कामाला!"

"तू काढत नसशील तर राहू दे," मावशी म्हणाली. "बाबांचा शिष्य आज दुपारी पकडीने काढून देणार आहे. तारा कापायची पकड आहे, पण मंत्रून घेतलीय."

रागावून उपयोग नव्हता. रागावल्यावर मावशी हट्टाला पेटते हे डॉक्टरीण लहानपणापासून जाणत होती. तिने जबड्याचं माप घ्यायचा ट्रे, वाडगा आणि साच्याच्या गुलाबी पुडीचा डबा पिशवीत घातला आणि मावशीसोबत बाबांच्या दर्शनाला निघाली.

गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा खुर्चीवर, शेजारी शिष्य, शिष्याचा एक हात कायम खिशात. डॉक्टरणीने हात जोडले.

"महाराज, या पवित्र मुखाचा साचा घेऊ का? उद्या तुम्ही दुसऱ्या गावी गेलात तर आम्ही काय पुजायचं?"

"घ्या, घ्या!" शिष्यच आधी हरखला. "घराघरात एक!"

बाबांनाही ते गोड लागलं. डॉक्टरणीने पूड पाण्यात घोटली, ट्रे काठोकाठ भरला आणि बाबांच्या टाळूला घट्ट दाबून धरला. "ओठ मिटा. दोन मिनिटं बोलायचं नाही."

आता शिष्याला एक गाणं मागायचं, असा तिचा बेत होता. पण मागावं लागलंच नाही. लगदा जरा मागे ओघळला, बाबांना उमासा आला आणि "काढा, काढा" म्हणून त्यांनी उजवा हात जोरजोरात वर केला. शिष्याला वाटलं, खूण झाली! त्याने खिशात काहीतरी दाबलं.

आणि गाणं सुरू झालं. धीरगंभीर, शब्द न् शब्द स्वच्छ. तोंडात मूठभर लगदा, ओठ मिटलेले, डोळ्यांतून पाणी, आणि वर अशी काही तान, की व्वा!

"तोंड बंद, तरी गाणं!" पोस्टमन उभा राहून नाचायला लागला. "केवढा चमत्कार!"

डॉक्टरणीने कपाळाला हात लावला. पुरावा समोर ठेवला, तर लोक त्यालाच हार घालायला निघाले. ती मावशीकडे वळली. "मावशी, तोंड बंद ठेवूनही गाता येतं, तर मग तुझे दात कुणाला आडवे येतायत?"

मावशी उत्तर द्यायला गेली आणि थबकली. गाण्यात गानसम्राट हलकेच खोकले होते.

"हा खोकला माझ्या ओळखीचा आहे," ती हळू म्हणाली. "घरच्या रेकॉर्डमध्ये इथेच येतो. चाळीस वर्षं ऐकतेय. मेल्यावरही माणूस त्याच जागी खोकेल?"

ती पुढे गेली. बाबांच्या तोंडाला कान लावला: नुसती घरघर. छातीला लावला: धडधड. टोपीला लावला आणि दचकून मागे सरली. "अगंबाई! हे तर टोपीतून गातायत!"

शिंप्याने टोपी उचलली. आत अस्तराला नीट खिसा शिवलेला, त्यात लिंबाएवढा स्पीकर. शिष्याच्या खिशातून मोबाइल निघाला. पडद्यावर तेच गाणं चालू.

"टीप मात्र वाकडी आहे," शिंप्याने अस्तर न्याहाळत निकाल दिला.

तोवर लगदा घट्ट झाला होता. डॉक्टरणीने ट्रे ओढून काढला, तशी बाबांची खरी वाचा फुटली, किनरी, चिरकी: "पाणी! पाणी द्या आधी!" लोक हसले, मग ओशाळले. शिष्याची पकड गर्दीतल्या, गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने जप्त केली आणि दोघांना चौकीवर पोचवायला पोस्टमनच पुढे झाला.

मावशी मात्र खुर्चीत बसून राहिली आणि एकदम हमसून रडायला लागली. "म्हणजे ते खरंच गेले गं. तुझे काका गेले तेव्हा घर खायला उठायचं, तेव्हा यांच्याच आवाजाने मला सावरलं. मला वाटलं, हा तरी परत मिळेल."

डॉक्टरणीने तिला जवळ घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आवडतं माणूस गेलं की रडावं, त्यात लाज नाही. त्यांची गाणी पोटभर ऐकावीत. पण गेलेला माणूस परत आणून देतो असं कुणी म्हणाला, तर तोंड उघडण्याआधी डोकं उघडा. आणि त्याला एवढंच विचारा: आवाज नक्की येतोय कुठून? खरं असेल तर विचारल्याने बिघडणार नाही. खोटं असेल तर निदान दात तरी वाचतील."