पंचवीसपैकी सात

चिकुनगुन्या होऊन सात महिने झाले तरी जिवनबाईची मनगटं आणि घोटे धरलेलेच होते. भाकरीचं पीठ मळायला बसली की बोटं वळत नसत. यंदाची हळद काढणी तर तिनं बांधावर बसूनच पाहिली.

कुरुंद्याच्या आरोग्य केंद्रातली रागिणी सिस्टर चिकुनगुन्या झालेल्यांची विचारपूस करायचा फॉर्म घेऊन घरी आली, तेव्हा नवरा मुंजाजी आणि चुलत दीर ओट्यावर बसलेले होते. प्रश्न पाचच. गेल्या पंधरा दिवसांत मन प्रसन्न होतं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे. प्रत्येकाला पाचपैकी मार्क, जितकं बरं तितके जास्त. जिवनबाई पदर सारखा करत दर वेळी म्हणाली, "बरं हाय." पंचवीसपैकी बावीस पडले.

मग वसमतला दर मंगळवारी सांध्यांच्या व्यायामाचं शिबिर सुरू झालं. यादीत त्या फॉर्मात तेराच्या खाली मार्क पडलेल्यांचीच नावं होती. शेजारची चंदाबाई गेली, जिवनबाई राहिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या हातातून भरला तांब्या निसटला. मुंजाजी म्हणाला, "जरा बघून धरत जाय." तिनं पदर खोचला आणि केंद्राची वाट धरली. वाटेत दोनदा बसावं लागलं.

"सिस्टर, माझा फारम पुन्ना भरा. आधीचा खोटा हाय."

"काहून खोटं सांगितलं, मावशी?"

"दोन माणसं बसलेली. त्यायच्या म्होरं काय सांगू, का सकाळी उठावंच वाटत न्हाई? नातू मांडीवर आला का हात भरून येतात, मी त्याला खाली ठेवून देते?"

रागिणीनं दार लोटून घेतलं, नवा कागद काढला. या वेळी सात पडले. आकडा ऐकून जिवनबाईला हलकं वाटलं. एवढ्या दिवसांत तिची तकलीफ पहिल्यांदाच कुणी बराबर मोजली होती.

घरी येऊन तिनं मुंजाजीला सांगितलं, "पंचवीसातले सात हायेत माझे. दर मंगळवारी वसमतला जानार."

त्यानं तिच्या मनगटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "यस्टी किती वाजता हाय?"

तीन महिन्यांनी सिस्टर पुन्हा मोजायला आली. बारा झाले. मुंजाजी शेजारीच होता. "भाकरी करून राहिली की आता. पंधरा तरी लिहा."

"बाराच लिहा," जिवनबाई म्हणाली. "झोपून उठलं का अंग अजून मोडतंय."

रागिणीनं बारा लिहिले, तेराच्या खाली म्हणून यादीतलं नाव तसंच ठेवलं आणि पुढच्या मंगळवारीही वसमतला जायला सांगितलं.